शहाणपणाविना शौर्य

पडद्यावर एक तरुणी मृत्यूच्या दाढेत शिरते आणि ते पाहणारी मुले हळहळण्याऐवजी हसतात, असे का व्हावे? आमच्या धर्मग्रामातील महाविद्यालयीन युवकांसमवेत ‘आर्मी ऑफ द डेड’ हा अमेरिकन चित्रपट पाहताना आम्हांस हा प्रश्न पडला आणि चित्रपट संपल्यावरही त्याने आमची पाठ सोडली नाही. ती तरुणी स्वतःच्या लोभासाठी निघाली नव्हती. दोन लेकरांच्या आईला सोडवून आणण्यासाठी ती निघाली होती. तरीही आमच्या शेजारी बसलेला युवक म्हणाला, “फादर, इतकी बावळट असेल तर ती मरणारच की!” हा युवक निर्दय नव्हे. दर रविवारी आपल्या वृद्ध आजीला हाताला धरून मिस्साला आणणारा तो मुलगा आहे. मग दया करायला निघालेल्या मुलीची त्याला दया का येऊ नये? दोष मुलाचा नसून कथा सांगणाऱ्याचा आहे असे आमचे मत झाले. ते का झाले, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

झॅक स्नायडर दिग्दर्शित हा चित्रपट मे २०२१ मध्ये प्रथम काही मोजक्या चित्रपटगृहांत आणि लगोलग नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. त्याची लांबी १४८ मिनिटे, म्हणजे जवळजवळ अडीच तास आहे. पटकथा स्नायडर यांनी शे हॅटन आणि जोबी हॅरोल्ड यांच्यासह लिहिली असून छायाचित्रणही त्यांनी स्वतःच केले आहे. नायकाच्या भूमिकेत एके काळचा कुस्तीगीर डेव्ह बाउटिस्टा आहे, तर आपल्याकडील प्रेक्षकांना ओळखीचा चेहरा म्हणजे हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री हुमा कुरेशी. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्याच्या वेळी ट्विटरवर घेतलेल्या चाहत्यांच्या कौलात हाच चित्रपट पहिला आला होता. त्याला प्रेक्षक लाभला नाही असे नव्हे. मात्र एक गोष्ट पालकांनी आधीच लक्षात घ्यावी. यातील रक्तपात, शिवराळ भाषा आणि काही दृश्ये पाहता हा चित्रपट घरातील लहान मुलांसमोर लावण्याजोगा नाही.

कथानक थोडक्यात असे. नेवाडाच्या वाळवंटातून लष्करी पहाऱ्यात एक गुप्त ‘माल’ नेला जात असताना अपघात होतो आणि तो सुटतो. हा माल म्हणजे मेलेला असूनही चालणारा, चावणारा आणि ज्याला चावेल त्याला आपल्यासारखे करणारा एक देह. जुगारासाठी जगप्रसिद्ध असलेले लास व्हेगास शहर पाहता पाहता अशा चालत्या प्रेतांच्या ताब्यात जाते. सरकार मालवाहू कंटेनर एकावर एक रचून शहराभोवती भिंत उभारते आणि ४ जुलै या स्वातंत्र्यदिनी अणुबॉम्ब टाकून सगळे शहरच नष्ट करण्याचे ठरविते. त्याआधी टानाका नावाचा धनाढ्य कॅसिनोमालक स्कॉट वॉर्डकडे येतो. या शहरातून माणसे सोडविण्याच्या लढाईत पराक्रम गाजवलेला वॉर्ड आता एका उपाहारगृहात बर्गर भाजून पोट भरतो आहे. कॅसिनोच्या तळघरातील तिजोरीत २० कोटी डॉलर आहेत. ते बाहेर काढून दिल्यास त्यांतील ५ कोटी वॉर्डच्या टोळीचे, असा सौदा ठरतो.

टोळी जमते. त्यात व्हँडरोहे आणि मारिया क्रूझ हे जुने सोबती आहेत, हेलिकॉप्टर चालविणारी पीटर्स आहे, तिजोऱ्या उघडण्यात निष्णात असलेला डीटर हा जर्मन तरुण आहे, नेमबाज गुझमन आणि त्याची सोबतीण चेंबर्स आहेत. टानाकाने आपल्या वतीने दिलेला मार्टिन आहे आणि भिंतीपलीकडच्या वाटा ठाऊक असलेली लिली आहे. वॉर्डची मुलगी केट भिंतीलगतच्या छावणीत स्वयंसेविकेचे काम करते. वॉर्डला आपल्या प्रेत झालेल्या पत्नीला स्वतःच्या हाताने, या मुलीच्या डोळ्यांदेखत ठार मारावे लागले होते. तेव्हापासून बापलेकींत दुरावा आहे. छावणीतील गीता ही दोन मुलांची आई पैशांच्या आशेने शहरात शिरली ती परत आलेली नाही. ही गीता म्हणजे हुमा कुरेशी. तिला शोधायला मला न्या, नाही तर मी एकटी जाईन, असा हट्ट केट धरते आणि वॉर्ड तिला सोबत घेतो. येथपर्यंत सारे ठीक आहे. किंबहुना एका चांगल्या शोकांतिकेचे सामान येथवर जमले आहे, असेच कोणीही म्हणेल.

या चित्रपटात दोन जुन्या प्रकारांचा संगम आहे. एक दरोड्याचा चित्रपट आणि दुसरा चालत्या प्रेतांचा. या दोन्हींचे रहस्य समजून घेण्यासाठी एका अनपेक्षित जाणकाराकडे जावे लागेल. ते म्हणजे संत थॉमस अक्वायनस. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार प्रमुख सद्गुणांत त्यांनी विवेकाला अग्रस्थान दिले. १३ व्या शतकात लिहिलेल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात विवेकाची चर्चा करताना त्यांनी चक्क दरोडेखोराचे उदाहरण घेतले आहे. दुष्ट हेतूसाठी योग्य साधने शोधून काढणारा चोर हाही एका अर्थाने चतुर असतो. परंतु त्याचा विवेक खोटा, केवळ खऱ्या विवेकासारखा दिसणारा, असे ते म्हणतात. शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. त्याची लबाडी वाखाणण्याजोगी नव्हती, पण संकट ओळखून वेळेवर हालचाल करण्याची त्याची हुशारी धन्याच्याही नजरेत भरली. दरोड्याच्या चित्रपटाचा आनंद हा याच जातीचा आहे. चोरी वाईट हे आपण जाणतो. तरीही नकाशा पसरून, वेळ मोजून, प्रत्येक अडथळ्याचा आधी विचार करून काम करणारी माणसे पाहताना आपले मन रमते. वाट चुकलेल्या विवेकाचे ते दर्शन असते.

चालत्या प्रेतांच्या चित्रपटात याच्या उलट घडते. ‘झॉम्बी’ ही कल्पना हैतीमधील लोकसमजुतीतून आली. मेलेल्या माणसाला उठवून मांत्रिक त्याला गुलामासारखे राबवितो, ही ती समजूत. उसाच्या मळ्यांत राबराब राबलेल्या गुलामांच्या त्या भूमीत, मरणानेही आपली सुटका होणार नाही, ही भीती तिच्यामागे होती. म्हणजे झॉम्बी हा केवळ भयानक चेहऱ्याचा राक्षस नव्हे. ज्याची इच्छाशक्ती हिरावून घेतली आहे असा तो देह आहे. देहाच्या पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे, पण पुनरुत्थित देह आणि हे चालते प्रेत यांत याच कारणाने जमीनअस्मानाचे अंतर आहे. प्रेताला भूक आहे, निवड नाही. जिवंत माणसाला निवड आहे. म्हणून अशा चित्रपटातील प्रत्येक निर्णय हा माणूसपणाचा पुरावा असतो. भीतीने थरथरत असतानाही माणूस विचार करतो का, हा या प्रकारातील खरा प्रश्न आहे.

आता हे दोन प्रकार एकत्र आणले म्हणजे काय व्हायला हवे? दरोडेखोरांच्या काटेकोर विवेकावर मृत्यूच्या भीतीचा भार पडावा आणि तो विवेक हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत तडकत जावा. पण स्नायडर यांच्या टोळीजवळ तडकण्याजोगा विवेक पहिल्यापासूनच नाही. ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’ असे आपण म्हणतो. त्या वचनात बुद्धी आधी सरळ होती हे गृहीत धरलेले आहे. जी मुळातच नाही ती विपरीत होणार कशी?

संत थॉमस यांनी विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी सल्लामसलत, मग निर्णय आणि शेवटी तो निर्णय निर्धाराने अंमलात आणणे. पहिली पायरी चुकली की उतावळेपणा, दुसरी चुकली की अविचार आणि तिसरी चुकली की चंचलता. या चित्रपटातील चुका या तीन मापांनी मोजून पाहू.

उतावळेपणा घ्या. टानाका सांगतो की तिजोरीतील पैशांची विमा भरपाई त्याला आधीच मिळाली आहे. मग ज्या पैशांची त्याला निकड नाही त्यासाठी तो इतका खर्च का करतो आहे, हे कुणीही खोदून विचारीत नाही. पुढे उघड होते की टानाकाला पैसे नको होते. त्याला हवे होते एका विशिष्ट प्रेताचे शिर, ज्यापासून युद्धाचे शस्त्र घडवता येईल. पण मग टानाकाचाही निर्णय पोरकट ठरतो. ही प्रमुख प्रेते भिंतीच्या आत शिरताच काही अंतरावर सामोरी येतात. शिरच हवे होते तर तिजोरी, तिजोरी उघडणारा आणि हेलिकॉप्टर एवढा संसार मांडण्याचे कारण काय? खलनायकाची युक्ती नायकाच्या युक्तीइतकीच लंगडी निघाली की प्रेक्षकाला कुणाच्या बुद्धीचा धाक वाटायचा?

अविचाराचे उदाहरण याहून ठळक आहे. मार्टिनवर आपला विश्वास नाही, हे चेंबर्स लपवीत नाही. झोपलेल्या प्रेतांनी भरलेल्या अंधाऱ्या वाटेवरून जाताना मार्टिन तिलाच मुद्दाम त्यांच्या गराड्यात अडकवितो आणि तिचा शेवट होतो. मार्टिनवर संशय घेणारी एकुलती एक व्यक्ती मार्टिनच्या सान्निध्यात मरण पावते, आणि बाकीच्या अनुभवी लढवय्यांपैकी कुणालाही त्याच्यावर नजर ठेवावीशी वाटत नाही! काही वेळाने तो आपल्या वाटेने निघतो, तेव्हाही त्याला कुणी अडवीत नाही. आपल्याकडे ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे म्हणतात. येथे पुढच्याचा जीव जातो तरी मागचा शहाणा होत नाही. विवेकाच्या घटकांत संत थॉमस यांनी स्मृतीला मानाचे स्थान दिले आहे. झालेल्या गोष्टी आठवल्याखेरीज पुढचे ठरविता येत नाही. ही माणसे याच शहरात, याच शत्रूशी एकदा लढलेली आहेत. पण त्या लढाईने त्यांना काही शिकविल्याचे जाणवत नाही.

तिसरी चंचलता. मध्येच बातमी येते की बॉम्ब २४ तास आधीच टाकला जाणार. आता प्रत्येक क्षण मोलाचा आहे. अशा वेळी माणसे धावतील, निदान गप्प राहतील, अशी आपली अपेक्षा. पण क्रूझ नेमक्या या घडीला वॉर्डजवळ आपले मन मोकळे करू लागते आणि ते बोलणे पुरते संपण्याआधीच शत्रू तिची मान मोडतो. प्रेमाची कबुली देणे हा गुन्हा नव्हे. पण लेखकाला मृत्यूच्या आधी थोडे हळवेपण हवे होते म्हणून तिला तेथे थांबविण्यात आले, हे इतके स्पष्ट दिसते की डोळ्यांत पाणी येण्याऐवजी कपाळाला आठ्या पडतात.

यातून एक विचित्र गोष्ट घडली आहे, आणि ती दिग्दर्शकाच्या पुरती ध्यानात आली असेल का, याची आम्हांस शंका आहे. या शहरातील प्रेतांचा एक राजा आहे, एक राणी आहे. त्यांनी जिवंतांशी एक करार पाळला आहे. एक माणूस द्या आणि सुखरूप पुढे जा. मार्टिन राणीचे शिर कापून नेतो तेव्हा राजा तिचा देह पाहून आक्रोश करतो, मग डोक्याचे रक्षण करण्यासाठी शिरस्त्राण चढवून सूड घ्यायला निघतो. शब्द पाळणे, शोक करणे, धोका ओळखून आधी तयारी करणे ही सगळी माणसाची लक्षणे. या चित्रपटात मेलेले विचार करतात आणि जिवंत करीत नाहीत! जाणूनबुजून हे घडविले असते तर पैशामागे धावणाऱ्या समाजावर ते केवढे भेदक भाष्य झाले असते. पण चित्रपट या उलटापालटीवर क्षणभरही रेंगाळत नाही.

चुका करणारी पात्रे असूच नयेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चुकीशिवाय शोकांतिका नाही आणि पापाशिवाय तारणाची कथा नाही. प्रश्न एवढाच की चूक कुणाची आहे? पात्राची की लेखकाची? दोन जुनी उदाहरणे देतो.

ज्यूल्स दासँ यांचा ‘रिफिफी’ हा फ्रेंच चित्रपट १९५५ सालचा. त्यातील दरोड्याचा प्रसंग जवळजवळ अर्धा तास चालतो आणि तेवढ्या वेळात ना संवाद आहे, ना संगीत. सगळे बिनचूक पार पडते. नाश येतो तो एका अंगठीमुळे. टोळीतील सेझार हा बायकांच्या बाबतीत दुबळा माणूस. एका गायिकेला देण्यासाठी तो एक अंगठी गुपचूप खिशात टाकतो आणि तिच्या मागावरून शत्रू पोहोचतात. ही चूक मूर्खपणाचीच आहे. पण ती सेझारची आहे. त्याचा स्वभाव आपल्याला आधी दाखविला आहे. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर ती घडली नसती. म्हणून आपण त्याला हसत नाही, आपल्या स्वतःच्या खिशातील अंगठ्या आठवतो. शेवटी टोळीचा म्होरक्या टोनी, मरणाच्या वाटेवर असताना, साथीदाराच्या लहानग्या मुलाला गाडीतून घरी पोहोचवितो. टोनी त्या मुलाचा धर्मपिता आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वीकारलेली जबाबदारी एक गुन्हेगार प्राण जाईतो पार पाडतो, हे पाहताना कोणत्या ख्रिस्ती प्रेक्षकाचे मन हेलावणार नाही?

दुसरे उदाहरण जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे. (त्यांच्याच १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’ची नवी आवृत्ती २००४ साली काढून स्नायडर यांनी आपल्या कारकिर्दीचा प्रारंभ केला, हे येथे आठवावे.) एका शेतघरात काही माणसे अडकली आहेत. तळघरात लपावे असे कूपर म्हणतो. वर राहून दारे-खिडक्या ठोकून घ्याव्यात असे बेन म्हणतो. दोघांजवळही कारणे आहेत. कूपर भित्रा आणि हेकट आहे, बेन धाडसी आहे, म्हणून आपण बेनच्या बाजूचे होतो. आणि अखेरीस बेनचा जीव त्या रात्रीपुरता वाचतो तो त्याच तळघरात! सकाळी मदतीला आलेलेच लोक त्याला प्रेत समजून गोळी घालतात. येथे चूक कुणाची, यावर माणसे आजही वाद घालतात. वाद घालता येतो, कारण दोन्ही बाजूंनी विचार केला गेला होता.

आता त्या मुलीकडे, केटकडे, वळू या, कारण आमचे खरे दुखणे तेथे आहे. बॉम्बची वेळ अलीकडे आल्यावर गीतेसाठी वेळ नाही असे वॉर्ड सांगतो. तेव्हा केट कुणालाही न सांगता एकटीच निघून जाते. तिला शोधायला बाप जातो. त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर परत फिरते. शेवटी राजा त्या हेलिकॉप्टरवर चढतो, वॉर्डला चावतो, बॉम्ब पडतो, हेलिकॉप्टर कोसळते, पीटर्स मरते. आणि गीता? तिचे काय झाले हे चित्रपट धड सांगण्याचीही तसदी घेत नाही. जिच्यासाठी हे सगळे घडले, तिच्या दोन मुलांची आठवण शेवटी कुणालाही होत नाही. हुमा कुरेशी यांच्या वाट्याला आलेली ही भूमिका म्हणजे एक व्यक्ती नसून केवळ एक निमित्त आहे.

वास्तविक केटचा प्रश्न हा शुभवर्तमानाच्या गाभ्याशी नेणारा आहे. एकासाठी अनेकांनी धोका पत्करावा का? नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. केटने जायला नको होते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण जाण्याचीही एक रीत असते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवा. तो कळवळला, पण नुसता कळवळला नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवसाचे पैसे मोजले आणि परत येण्याची हमी दिली. त्याच्या दयेला हातपाय होते, हिशोब होता आणि उद्याचे भान होते. विवेक हा दयेचा शत्रू नसून तिचा वाटाड्या आहे. वादळाची चिन्हे पाहून होडी किनाऱ्याला लावणारा आमचा कोळी भित्रा नसतो. आणि कुणी बुडत असेल तर तोच कोळी दोर, टायर आणि दोन सोबती घेऊन त्याच वादळात शिरतो. केटच्या दयेला चित्रपटाने दोर दिला नाही आणि सोबतीही दिला नाही. तिला बापाशी दोन शब्द बोलू दिले असते, जाऊ की नको याची घालमेल तिच्या चेहऱ्यावर दिसू दिली असती, तर तिच्यामुळे झालेली हानी पाहून आपण हळहळलो असतो. ते न केल्यामुळे दया म्हणजे बावळटपणा, असा हिशोब आमच्या मुलांच्या मनात नकळत मांडला गेला. आमच्या मते चित्रपटातील रक्तापेक्षा ही गोष्ट अधिक घातक आहे.

दुसरा एक प्रसंग याहून गंभीर आहे. छावणीतील कमिंग्ज हा पहारेकरी स्त्रियांना छळणारा, नीच वृत्तीचा माणूस. लिली त्याला मुद्दाम सोबत घ्यायला लावते, आत गेल्यावर त्याच्या पायात गोळी घालते आणि करार म्हणून प्रेतांच्या हवाली करते. टोळीतील माणसे क्षणभर दचकतात आणि पुढे चालू लागतात. माणूस वाईट होता, म्हणून हिशोब मिटला! सर्वांसाठी एकाने मरावे, हा युक्तिवाद कयफाने केला होता हे आपण विसरता कामा नये. त्यात आणि ख्रिस्ती बलिदानात अंतर कोणते, हे पाहायचे असेल तर १९४१ सालच्या आऊशवित्झच्या छळछावणीकडे पाहावे. एक कैदी पळाल्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारण्यासाठी निवडले गेले. त्यांतील एक आपल्या बायकामुलांसाठी रडू लागला. तेव्हा संत मॅक्सिमिलियन कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मला घ्या, असे त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले. त्यांनी परिस्थिती पुरती ओळखली होती. काय होणार ते त्यांना ठाऊक होते. तो माणूस जगला, आणि १९८२ साली फादर कोल्बे यांना संतपद बहाल झाले तेव्हा त्या सोहळ्याला तो हजर होता. दुसऱ्याला पुढे ढकलणे आणि स्वतः पुढे होणे, या दोन कृती बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांच्यात स्वर्ग-नरकाचे अंतर आहे. चित्रपटाला हे अंतर दाखविता आले असते, कारण पुढे तीच लिली सोबत्यांना वेळ मिळावा म्हणून राजासमोर एकटी उभी राहते आणि मरते. पहिल्या कृतीचा पश्चात्ताप दुसऱ्या कृतीत दिसला असता तर ते एका पापिणीच्या परिवर्तनाचे चित्र झाले असते. पण दोन्ही प्रसंग वेगवेगळे राहतात. त्यांना सांधणारा एकही क्षण पटकथेत नाही.

समीक्षकाने केवळ दोषच मोजू नयेत. चित्रपटात दोन ठिकाणी आम्हांस खरे काही सापडले. पहिले डीटरचे. तिजोऱ्यांवर जीव असलेला, पण प्रेतांना पाहून किंचाळणारा हा भित्रा तरुण. व्हँडरोहे त्याची आधी थट्टा करतो, मग हळूहळू दोघांत स्नेह जुळतो. अखेरच्या झटापटीत डीटर मित्राला तिजोरीत ढकलून दार लावून घेतो आणि स्वतः बाहेर राहतो. हा निर्णय क्षणात घेतलेला आहे, पण उतावळा नाही. त्यामागची मैत्री आपण पाहिलेली आहे आणि त्या दाराची ताकद त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. त्या वेळी आमच्या युवकांपैकी एकही हसला नाही. दुसरे ठिकाण शेवटचे. चावा बसलेला वॉर्ड लेकीच्या हाती पैसे देतो, आणि जे त्याने तिच्या आईसाठी केले तेच आता तिला त्याच्यासाठी करावे लागते. दिग्दर्शकाने २०१७ साली आपली तरुण कन्या गमावली, हे जगाला ठाऊक आहे. त्यावरून आम्ही कोणताही निष्कर्ष काढणार नाही. मात्र बाप आणि लेक यांच्या या निरोपात कृत्रिमता नाही, एवढे निश्चित. स्वभावातून आलेला निर्णय पाहताना प्रेक्षक गंभीर होतो. लेखकाच्या सोयीसाठी लादलेला निर्णय पाहताना तो हसतो. एकाच चित्रपटात या दोन्हींचा पुरावा मिळाला.

चित्रपट संपल्यावर आम्ही त्या युवकांना विचारले, “केटच्या जागी तुम्ही असता तर?” आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाला, हेलिकॉप्टर दुरुस्त होईस्तोवर थांबलो असतो आणि त्यातूनच गीतेकडे गेलो असतो. दुसरा म्हणाला, मार्टिनला सोबत ठेवलाच नसता. तिसऱ्याने राणीचे शिर परत करून करार पुन्हा जोडण्याची तोड काढली. अर्ध्या तासात त्या मुलांनी एक बरी पटकथा रचून दाखविली, आणि आमच्या ध्यानात आले की त्यांचे हसणे क्रूर नव्हते. आपल्या बुद्धीचा अपमान झाल्याची ती तक्रार होती.

आजीला मिस्साला आणणारा तो मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. निघताना पायरीवर चप्पल घालता घालता तो म्हणाला, “फादर, मी गेलो असतो. पण सांगून गेलो असतो.”